अलिफ

मदरशात मौलवीसाहेबांनी पाटीवर पहिली उभी रेघ ओढली आणि म्हणाले, "ये अलिफ है. सीधा खड़ा रहता है." बाकीची मुले गिरवायला लागली. मला मात्र हसू आले आणि त्यापायी कान पिळून घ्यावा लागला. हसण्यात उर्मटपणा नव्हता. आमच्या घरात अलिफ हा शब्द अक्षरासाठी कोणी वापरतच नसे. संध्याकाळी घोडे ठाणावर बांधून अब्बा घरी आले, की जेवताना दिवसभराच्या गोष्टी निघत आणि त्यात एखादे वाक्य हमखास असायचे, "आज अमक्याचा घोडा बाजारात अलिफ झाला." म्हणजे घोड्याने पुढचे दोन्ही पाय उचलले आणि तो मागच्या दोन पायांवर सरळ उभा झाला. उर्दूतला हा जुना वाक्प्रचार आहे. मराठीत आपण 'घोडा दोन पायांवर उभा राहिला' असे लांबण लावून सांगतो. 'अलिफ झाला' म्हटले की पाटीवरची ती रेघच डोळ्यांसमोर येते.

आमचे घर माथेरानला. तीन घोडे आणि सात माणसे. गावात मोटारीला बंदी असल्याने पाहुणे दस्तुरी नाक्यावर गाडी सोडत आणि पुढे पायी, हातरिक्षाने किंवा घोड्यावरून येत. नेरळहून वर येणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली. तिच्याबद्दल अब्बांच्या मनात दोन भावना एकदमच नांदत. आपल्यातल्या माणसाने डोंगरावर रेल्वे चढवली म्हणून अभिमान, आणि ती पाहुण्यांना थेट बाजारात आणून सोडते, दस्तुरीच्या घोडेवाल्याकडे येऊच देत नाही, म्हणून राग.

घोडेवाल्याचे वर्ष सरळ असते. दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे हे कमाईचे दिवस. जूनमध्ये पाऊस कोसळू लागला की वर चिटपाखरू फिरकत नाही. मग घोडे डोंगराखालच्या गावांत गवतावर न्यायचे आणि उन्हाळ्यात साठवलेल्या पैशांवर पावसाळा काढायचा. एक घोडा बसून राहिला, तर त्याची चंदी बाकीच्या दोघांच्या कमाईतून जाते आणि माणसांच्या ताटातला एक पदार्थ कमी होतो. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

१९८३ च्या डिसेंबरात अब्बांचा सर्वांत जुना घोडा थकला. अम्मीने दोन बांगड्या काढून दिल्या आणि दत्तजयंतीच्या यात्रेला अब्बा आणि भाईजान सारंगखेड्याला गेले. तापीच्या काठावरचे हे गाव. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. यात्रा दत्ताची, पण तिथल्या बाजारात घोडा विकणारे आणि घेणारे सगळ्या जातिधर्मांचे. भाईजानांनी परत आल्यावर महिनाभर त्या बाजाराच्याच गोष्टी सांगितल्या. रुमालाखाली बोटे धरून होणारा भाव, ढोलावर नाचणारे घोडे, खाटेवर चारी पाय ठेवून उभा राहणारा एक पांढरा घोडा आणि त्याला पाहायला जमलेली ही गर्दी! आमच्या अब्बांनी नाचणाऱ्या घोड्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी एक कुमाईत रंगाचा, कपाळावर लहानसा चांद असलेला, चार दाती घोडा निवडला. म्हणजे चौथ्या वर्षात असलेला. भोवरे तपासले. गळ्यावर देवमण होता. देवमण शुभ, असे विकणारा भाऊ म्हणाला आणि अब्बांनी मान डोलावली. घोड्याच्या भोवऱ्यांच्या बाबतीत हिंदू-मुसलमानांचे एकमत व्हायला कधीच अडचण पडलेली नाही. साडेतीन हजारांना सौदा झाला. नाव ठेवले बादल.

पहिला उन्हाळा बादलने चांगला काढला. पोरवयाच्या मानाने शांत होता. पायवाटेवर माकड आडवे आले तर कान टवकारायचा, एवढेच. १९८४ च्या जूनमध्ये रमजान होता. ईद झाली आणि घोडे खाली गेले.

दिवाळीला ते वर आले तेव्हा बादल बदललेला होता. अब्बांनी खोगीर चढवले, लगाम घातला आणि दस्तुरीवर एका गुजराती बाईंना वर बसवले. बाजाराच्या वळणावर समोरून हातरिक्षा आली. अब्बांनी लगाम धरून त्याला थांबवले, तशी त्याने मान वर फेकली आणि पुढचे पाय एखादा हात उचलले. बाई किंचाळल्या. अब्बांनी त्यांना उतरवले आणि पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी पाय आणखी वर. आठवडाभरात तो सरळ अलिफ व्हायला लागला आणि गावात नाव झाले, "तो उभा राहणारा घोडा."

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी भाईजान त्याला पाण्यावरून परत आणत होते. भाईजान तेव्हा वीस वर्षांचे होते. मी मागून दुसरा घोडा धरून चाललो होतो. उताराला बादल अडला. भाईजानांनी टाच मारली. तो उठला. भाईजानांनी घाबरून दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढला.

घोडा दोन पायांवर असतो तेव्हा त्याचा तोल एखाद्या शिडीसारखा असतो. शिडीवरच्या माणसाने घाबरून शिडीच मागे ओढली तर जे होईल, तेच होते. बादल क्षणभर थांबला, आणि मग झाड पडावे तसा मागे पडला. आधी पाठ, मग भाईजान खाली. खोगिराचा पुढचा उंचवटा बाजूला टेकला म्हणून ते पूर्ण चिरडले नाहीत. गळ्याखालचे हाड, ज्याला अम्मी हंसली म्हणायची, ते मोडले आणि खांदा निखळला. हातरिक्षात घालून आम्ही त्यांना दस्तुरीपर्यंत नेले. तिथून टॅक्सीने खाली. धावताना माझ्या मनात जे चालले होते ते भाईजानच्या हाडाबद्दल नव्हते. ते काय होते, हे पुढे लिहितो.

मग उपाय सुरू झाले. घोडा बिघडला की गावातला प्रत्येक माणूस सालोतरी होतो. एक म्हणाले, तो उठला की दोन कानांच्या मध्ये पाण्याने भरलेले मडके फोडा; त्याला वाटते आपलेच रक्त वाहतेय, पुन्हा उठणार नाही. दुसरे म्हणाले, मडके कशाला, दांडकाच हाणा. कोणी दर्ग्यावरून दोरा आणला, तो अम्मीने आयाळीत बांधला. एकाने सांगितले, अलिफ होताच मुद्दाम मागे खेचून पाडा, एकदा पाठीवर आपटला की सुधारतो. हे ऐकून अब्बा म्हणाले, "तो तर आपटलाय. माझ्या पोरावर आपटलाय. सुधारलाय का?"

दांडक्याबद्दल अब्बांचे उत्तर वेगळे होते. जनावराच्या तोंडावर मारायला हुजूरांनी मना केलेय, असे ते म्हणत. हदीस त्यांनी वाचलेली नव्हती, ऐकलेली होती. पण ऐकलेली बरोबर होती. कुराणातल्या शंभराव्या सुऱ्याची सुरुवातच धावणाऱ्या घोड्यांची शपथ घेऊन होते, हेही त्यांना ठाऊक होते आणि घोडेवाल्यांच्या बैठकीत ते हे अशा थाटात सांगत, जणू ती शपथ माथेरानच्याच घोड्यांची आहे. गावातला एक धनगर मामा त्यांचा दोस्त. तो म्हणायचा, "तुमच्या पोथीत असंल तसं, पर मारल्यालं घोडं मारणाऱ्याला सोडून दुसऱ्यालाच पाडतं, ह्ये आमालाबी ठावं हाय."

त्यातच एक व्यापारी आला. लग्नाच्या वरातींसाठी घोडे तयार करून विकायचा. त्याने बादलची कीर्ती ऐकली होती. अब्बांनी दाखवायला नुसता लगाम हातात घेतला आणि बादल उठला. व्यापारी खूश झाला. म्हणाला, "जे शिकवायला मला सहा महिने लागतात, ते तुमच्याकडे आयते आहे." सहा हजार देतो म्हणाला. घेतला त्याच्या पावणेदोन पट! जो ऐब माथेरानात पोटावर पाय आणत होता, तोच दुसऱ्या बाजारात गुण होता. अम्मी म्हणाली, देऊन टाका, माझ्या मुलाचे हाड मोडले त्याने. अब्बांनी विचारले ते भाईजानांना.

भाईजानांचा हात गळ्यात बांधलेला होता. ते म्हणाले, "मत बेचो अब्बा. उसने मुझे नहीं गिराया. मैंने उसे खींचा." व्यापाऱ्याच्या पिशवीतला लगाम त्यांनी पाहिला होता. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला आतून काटे होते. बादलचे उरलेले आयुष्य त्या काट्यांवर जाणार, हे त्यांना दिसले होते.

मलाही ते काटे ओळखीचे होते.

आता ते सांगतो. त्या पावसाळ्यात मी नववीत होतो. शाळेला सुट्टी लागली की घोड्यांकडे लक्ष द्यायला मला खालच्या गावी पाठवत. शाळेच्या भिंतीवर राणी लक्ष्मीबाईंचे चित्र होते, दोन पायांवर उभा घोडा आणि पाठीवर तलवार उपसलेली राणी. सिनेमाच्या जाहिरातींतही नायकाचा घोडा तसाच. गावातली पोरे म्हणाली, तुझा घोडा असा उभा राहतो का? तिथल्या एका टांगेवाल्याच्या मुलाकडे काटेरी लगाम पडून होता. तो मी मागून आणला. बादलच्या उघड्या पाठीवर बसून टाच मारायची आणि त्याच क्षणी लगाम ओढायचा. पहिल्या दिवशी तो गोंधळून गोल गोल फिरला. मागे सरकला. दुसऱ्या दिवशी फेस आला, त्यात गुलाबी झाक होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याचे पुढचे पाय उचलले गेले. मी घाबरून हात सैल सोडला, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घोड्याला तो हात सैल झाल्याचा क्षणच तेवढा कळतो. कुठले काम केल्यावर दुखणे थांबले, हाच त्याचा धडा. तोंडात काटे आणि बरगडीत टाच, पुढे जा आणि जाऊ नको, असे दोन हुकूम एकदम आले की वर जाण्याची तेवढी जागा उरते. वर गेल्यावर काटे सुटतात, हे मी त्याला पंधरा-वीस दिवस नेमाने शिकवले. मग लगाम परत दिला आणि विसरून गेलो.

(पुढे जा आणि जाऊ नको, या दोन हुकमांच्या मध्ये सापडलेल्या माणसांबद्दल आपल्या अशा अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे, मीही लिहिले आहे. इथे मी घोड्याबद्दलच लिहितो.)

भाईजानना खाली नेताना, रिक्षामागे धावताना, माझ्या मनात एवढेच होते, कोणाला कळणार तर नाही ना.

कळले ते एका माणसाला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून आयुष्य काढलेले एक चाचा नेरळला लेकीकडे राहत. अब्बांनी त्यांना वर आणले. चाचांनी बादलला चालवून पाहिले नाही, अलिफ करून पाहिले नाही. आधी पाठीवर हात फिरवला, खोगीर कुठे घासते ते बोटांनी दाबून पाहिले. तंग कुठे बसतो ते पाहिले. मग त्याची जीभ बाजूला धरून तोंडात हात घातला.

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये रिकामी हिरडी असते. लगामाचे लोखंड त्या जागेवर बसते. चाचांनी मला बोलावून माझे बोट तिथे फिरवायला लावले. वरच्या दाढेच्या पुढे, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे असे काहीतरी टोचले. एक खुरटा, निकामी दात. पुष्कळ तरण्या घोड्यांना तो असतो, कित्येकांना त्याचा कधी त्रासही होत नाही, पण लोखंड त्यावर आदळले की कळ जाते. इंग्रजीत त्याला लांडग्याचा दात म्हणतात, हे मला फार पुढे कळले. घोडा लगाम ओढताच मान फेकतो, तेव्हा शंभर जणांना त्यात मस्ती दिसते. चाचा म्हणाले, "पहले मुँह देखो, फिर मिज़ाज देखो."

आणि मग त्यांनी खालची हिरडी दाखवली. तिच्यावर आणि जिभेच्या कडेला बारीक पांढरे व्रण होते, ओळीत. चाचांनी अब्बांचा लगाम हातात घेऊन पाहिला. तो गुळगुळीत होता. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले, अब्बांच्या, धनगर मामांच्या, माझ्या. काही बोलले नाहीत. नंतर ठाणावर आम्ही दोघेच असताना खरारा करता करता म्हणाले, "कहना हो तो ख़ुद कहना. मैं नहीं कहूँगा." मग म्हणाले, आता हा घोडा तूच दुरुस्त करशील.

गुरांच्या डॉक्टरांनी तो दात काढला. लहानसाच होता, मी तो बरीच वर्षे काड्यापेटीत ठेवला होता. त्या दाताने मला एक सोय करून दिली, ती सोय मी पुढची कित्येक वर्षे वापरली. सगळे म्हणू लागले, दातच होता म्हणून उठत होता. मीही म्हणू लागलो. खरे किती दाताचे होते आणि किती माझे, ते सांगायची सोय बादलला नव्हती.

चाचांनी चाळीस दिवस सांगितले. त्याला ते चिल्ला म्हणत. चाळीस दिवस तोंडात लोखंड नाही आणि पाठीवर ओझे नाही. नुसती मोरखी आणि लांब दोर. धनगर मामांच्या घरामागे सपाट जागा होती, तिथे पहाटे शाळेच्या आधी आणि संध्याकाळी मी त्याला गोल फिरवायचो. याला जुने लोक कावा देणे म्हणत. मी मध्ये उभा, दोर सैल, हातातली काठी त्याच्या मागच्या पायांच्या दिशेने नुसती दाखवायची. एकच गोष्ट शिकवायची होती, पुढे चल. उभा राहणारा घोडा हा मुळात पुढे न जाणारा घोडा असतो. चालत्या घोड्याला अलिफ होता येत नाही. त्याला आधी थांबावे लागते. तेव्हा तो थांबायच्या बेतात आला, पाऊल आखूड झाले, मागचे पाय पोटाखाली गोळा झाले, की त्याच वेळी त्याला पुढे काढायचे. ती वेळ अर्ध्या श्वासाची असते. पहिले दहा दिवस ती मला सापडलीच नाही.

दुसरा धडा ओढीचा. मोरखीचा दोर दोन बोटांनी बाजूला ओढून धरायचा आणि वाट पाहायची. त्याने मान तसूभर त्या बाजूला दिली की दोर लगेच सोडायचा. लगेच म्हणजे लगेच. चाचा मागे बसून बिडी ओढत आणि मी उशीर केला की "देर!" म्हणून ओरडत. दिवसातून शंभर वेळा. ओढ आली की वर जायचे नाही, बाजूला वळायचे, हे त्याच्या अंगात भिनेपर्यंत. मान वळलेल्या घोड्याला सरळ उभे राहणे अवघड जाते, त्याचे मागचे पाय बाजूला सरकतात.

मी जे पंधरा दिवसांत शिकवले होते ते पुसायला तीन महिने लागले.

चाळीस दिवसांनंतर जाड, गुळगुळीत लोखंड आणले. थंडी होती म्हणून चाचा ते आधी हातात धरून गरम करत, त्याला गूळ चोळत आणि मगच तोंडाजवळ नेत. बादल त्याला चाटायला लागला तेव्हा ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिले. मग मी पाठीवर. त्याआधी त्यांनी मला कोरड्या जमिनीवर उभे करून पाठ करून घेतले होते. तो उठलाच तर पुढे वाक, आयाळीत हात घाल, लगाम सोड. लगाम हाताला कधी गुंडाळायचा नाही. रिकीबीत पायाचा पुढचा भागच ठेवायचा. आणि तोल गेलाय असे वाटले तर शूरपणा करायचा नाही, बाजूला घसरून उतरायचे आणि लांब व्हायचे.

तो माझ्यासह एकदाच उठला. जानेवारीतली सकाळ होती, झाडीतून अचानक पत्र्याचा आवाज आला. पाठ ताठ झाली, मान माझ्या तोंडापर्यंत आली. माझे हात, खरे सांगतो, ओढायलाच निघाले होते. पावसाळ्यातली ती सवय बादलला लागली तशी मलाही लागली होती. कसेबसे मी हात पुढे नेले आणि मानेला मिठी मारली. तो वर तसाच थांबला. त्या क्षणात त्याच्या मानेखालची शीर माझ्या गालाला उडताना लागत होती. मग पाय खाली आले. मी टाच लावली आणि तो चालू लागला. खाली उतरल्यावर माझे गुडघे थरथरत होते. चाचांनी काहीही कौतुक केले नाही. म्हणाले, "अब जा, स्कूल को देर हो रही है."

पुढे कॉलेजात आणि नोकरीत आल्यावर मी घोड्यांवर मिळेल ते वाचत गेलो. सआदत यार खान रंगीन या शायराने अठराव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांवर एक फरसनामा लिहिला, त्याचे फिलॉटने केलेले इंग्रजी भाषांतर १९११ मध्ये छापले गेले. त्यात रंग आहेत, भोवरे आहेत, दुखणी आहेत. गळ्यावरच्या देवमणाचा आमच्या अब्बांना का आनंद झाला, ते अशा पुस्तकांवरून कळते. त्याच्याही दोन हजार वर्षांहून आधी ग्रीक सेनापती झेनोफनने घोडेस्वारीवर लिहिले आहे. गंमत अशी, की मिरवणुकीच्या घोड्याला पुढून उचलायला कसे शिकवावे हेही त्यात आहे. पण तो उठला की हात तत्काळ सैल करायला आणि तोंड न ओढायला तो सांगतो, आणि जबरदस्तीने करून घेतलेल्या कामात जनावराला समज नसते, सौंदर्यही नसते, असे त्याचे मत आहे. माझ्या चाचांना हे वाचून दाखवले असते तर ते म्हणाले असते, यात नवीन काय? आणि आपल्याकडे ओझ्याच्या आणि सवारीच्या जनावरांबाबत केंद्र सरकारने १९६५ मध्येच नियम केलेले आहेत, त्यात काटे असलेला लगाम वापरायला मनाई आहे. म्हणजे मी तो मागून आणला तेव्हा त्या नियमाला एकोणीस वर्षे झाली होती. तो नियम त्या गावात कोणी सांगितला नव्हता. मात्र बादलच्या तोंडातला गुलाबी फेस मला दिसला होता, त्यासाठी नियम वाचायची गरज नव्हती.

एप्रिल १९८५ मध्ये बादल पुन्हा दस्तुरीवर उभा राहिला, चारी पायांवर. अब्बांनी त्याच्यावर लहान मूल कधीच बसवले नाही. चाचांनीच तसे बजावले होते, एकदा ही वाट कळलेला घोडा ती पूर्ण विसरत नाही. तो मोठी माणसे आणि सामान वाहायचा. त्या वर्षी रमजान मेच्या अखेरीस लागला आणि रोजा धरून अब्बा दिवसाला पाच-पाच फेऱ्या करायचे. ईदला अम्मीच्या हातात एक बांगडी परत आली. दुसरी पुढच्या वर्षी आली. बादलने आमच्याकडे सोळा वर्षे काम केले आणि आमच्याच ठाणावर मेला.

भाईजानांचे हाड जुळले, पण खांदा नीट बसला नाही. डावा हात डोक्याच्या वर जात नाही. नमाजात तकबीरला हात कानापर्यंत उचलताना तो हात मध्येच थांबतो, हे मी ईदगाहवर शेजारी उभा राहून चाळीस वर्षे पाहतो आहे. ते नंतर बादलवर कधी बसले नाहीत. भीतीने नव्हे. "माझा हात खराब आहे" म्हणत. "मी ओढतो." त्यांच्या मुलांना घोडा शिकवताना ते पहिली गोष्ट हीच सांगत, की तुमच्या बापाने घाबरून लगाम ओढला आणि बिचाऱ्या जनावराला पाडले, तसे करू नका. पाहुण्यांनाही सांगत. मी समोर असलो तरी सांगत. मी दर वेळी चहा पीत असे.

त्यांनी ओढला हे खरेच आहे. पण तो उठलाच नसता तर ओढायची वेळ आली नसती, हे त्यांना ठाऊक नाही. चाचा १९९१ मध्ये वारले, त्यांनी शब्द पाळला. अब्बा २००९ मध्ये गेले. मयतीच्या रात्री सांगेन असे ठरवले होते. त्या रात्री भाईजान एका हाताने खाटेची बाजू उचलत होते, मी दुसरी बाजू धरली आणि राहून गेले.

आता भाईजानांकडे घोडे नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात माथेरानात ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, त्याच्या आसपास त्यांनी शेवटची घोडी एका ओळखीच्या पोराला देऊन टाकली. देताना लगाम उलटा करून आतून बोट फिरवून पाहिले, गुळगुळीत आहे की नाही. ही खोड कुठून लागली ते त्यांनाही सांगता येणार नाही, बहुधा व्यापाऱ्याच्या पिशवीतला तो लगाम त्यांच्या डोक्यातून गेला नसावा.

दर वर्षी या अंकाची एक प्रत मी त्यांना पाठवतो. ते चष्मा लावून दुपारी ओट्यावर बसतात आणि माझा लेख आधी वाचतात, मग फोन करून शुद्धलेखनाच्या चुका सांगतात. या वेळीही प्रत जाईल.